क्लेम नाकारल्याचं पत्र



आज विषय विम्याचा. विमा घ्यावा का, कुठला घ्यावा, किती रकमेचा घ्यावा, यातलं मी काही सांगणार नाही. ते सांगणारे तुम्हाला रोज चार फोन करतात. मी आज एकाच कागदावर बोलणार आहे. माणूस आजारी पडतो, किंवा जातो, घरचे क्लेम भरतात, आणि महिन्या-दीड महिन्याने कंपनीकडून एक पत्र येतं. भाषा अतिशय सभ्य. 'आपला दावा मान्य करता येत नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' खाली कुठल्यातरी कलमाचा आकडा. बहुतेक घरांत हे पत्र एकदा वाचलं जातं आणि कपाटात जातं. ते कपाटात जाऊ नये, एवढ्यासाठी आजचं बोलणं.

मी मूळचा बेळगावचा. लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि बंगळुरात जे. पी. नगरला स्थायिक झालो. आम्हा नवराबायकोला माजी सैनिकांची ईसीएचएस योजना आहे, २००३ साली सुरू झालेली. त्यामुळे विमा कंपनीशी भांडायची वेळ माझ्यावर आलेली नाही. पण आमच्या सोसायटीत एक समज आहे, की फौजेतला माणूस म्हणजे बारीक अक्षरातले कागद वाचणारा माणूस. तेव्हा लोक पिशवीभर कागद घेऊन संध्याकाळी येतात. चहा होतो, कागद टेबलावर पसरले जातात. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. बी.ए. आहे. पण ऑर्डर नीट वाचायची, तीत काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही ते बघायचं, ही सवय तीस वर्षांची आहे.

अशाच एका संध्याकाळी आमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. निपाणीला शाळेत शिकवत होते, निवृत्तीनंतर दोघं नवराबायको मुलीकडे राहायला आले. वय एकाहत्तर. २०२४ च्या अखेरीला छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. बिल तीन लाख शहाऐंशी हजार. कॅशलेस मंजूर झालं नाही म्हणून मुदत ठेव मोडली, पैसे भरले, घरी आल्यावर क्लेम केला. पॉलिसी २०१८ पासून एकाच कंपनीची, एकही हप्ता चुकलेला नाही. आणि पत्र आलं, की रुग्णाला दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब होता, ही महत्त्वाची माहिती पॉलिसी घेताना दडवली, सबब दावा नामंजूर.

मास्तरांनी पैशाबद्दल एक अक्षर काढलं नाही. ते म्हणाले, "कर्नलसाहेब, जन्मभर पोरांना सांगत आलो, खोटं बोलू नका. आणि हे मला लिहितात, तुम्ही दडवलंत." वहिनी बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे हो, देवाने जीव वाचवला." हे वाक्य मी या टेबलाशी इतक्यांदा ऐकलंय, की कंपन्यांच्या हिशेबात ते धरलेलं असावं असा मला संशय आहे.

आता 'दहा वर्षं' आली कुठून? डिस्चार्ज कार्डावरून. रात्री दोनला इमर्जन्सीत नेलं, तेव्हा ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं, बीपी आहे का? मुलगी घाबरलेली, म्हणाली, हो, बरीच वर्षं. त्याने लिहिलं, दहा वर्षं. तोच आकडा पुढे प्रत्येक कागदावर उतरत गेला. क्लेम तपासणाऱ्याला तेवढंच पुरलं. प्रत्यक्षात निपाणीच्या डॉक्टरांची जुनी फाइल होती, आणि तीत बीपीची पहिली गोळी २०२१ साली लिहिलेली होती. पॉलिसीनंतर तीन वर्षांनी.

इथे मी त्यांना एकच गोष्ट सांगितली, आणि ती तुम्हालाही सांगतो. पत्रात जे कारण लिहिलंय, त्याला आणि तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. कंपनी किती वाईट, एजंट किती गोड बोलला, आपण किती वर्षं हप्ते भरले, हे दोन पानं लिहून काही होत नाही. आणि याला कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने एकापेक्षा जास्त निकालांत म्हटलंय, की नकाराच्या पत्रात जी कारणं नाहीत ती विमा कंपनीला नंतर आयोगासमोर नव्याने उभी करता येत नाहीत. म्हणजे ते पत्र तुमच्या विरुद्ध असलं, तरी ते कंपनीलाही बांधून ठेवतं. म्हणून नकार फोनवर ऐकून घ्यायचा नाही. 'तोंडी सांगितलंय' याला काही किंमत नाही. कारण, कलम, तारीख, सगळं लेखी मागायचं. २०२४ पासून विमा नियामक आयआरडीएआयचा नियम असा आहे, की आरोग्य विम्याचा क्लेम कंपनीच्या आतल्या समितीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही, आणि नाकारला तर पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा दाखला द्यावा लागतो.

मास्तरांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक, निपाणीची फाइल. दुसरी जास्त मोठी. तिला मोरॅटोरियम म्हणतात. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा. आरोग्य विमा सलग ६० महिने, म्हणजे पाच वर्षं चालू असेल, तर त्यानंतर 'तुम्ही माहिती दिली नाहीत' किंवा 'चुकीची दिलीत' म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त फसवणुकीचा, आणि तीही सिद्ध झालेली हवी. ही मुदत आधी आठ वर्षांची होती, एप्रिल २०२४ पासून पाच झाली. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीत पोर्ट केली असेल तरी मागची वर्षं धरली जातात. मात्र मध्येच विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेसाठी पाच वर्षं वाढवल्या दिवसापासून मोजतात. आयुर्विम्यालाही असंच संरक्षण आहे, तिथे मुदत तीन वर्षांची. विमा कायदा १९३८, कलम ४५. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तिथे तर तीन वर्षांपुढे कुठल्याच कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. हा आकडा, कलम ४५, पाठ करून ठेवा. ज्या घरातला कर्ता माणूस गेलाय, त्या घरात हे कुणी सांगायला येत नाही.

तर पहिली पायरी, कंपनीचाच तक्रार निवारण अधिकारी. प्रत्येक कंपनीला तो नेमावा लागतो, त्याचा ईमेल पॉलिसीवर छापलेला असतो. मास्तरांनी एका पानाचा अर्ज पाठवला, सोबत निपाणीच्या फाइलची पानं, सहा वर्षांच्या पावत्या, आणि प्रस्ताव अर्जाची प्रत. ही प्रत पॉलिसीसोबतच यायला हवी. आली नसेल तर आजच मागून घ्या, आजारी पडण्याआधी. दोन आठवड्यांत उत्तर आलं. तेच वाक्य, फक्त दिलगिरी थोडी वाढलेली. नियामकाचं 'बीमा भरोसा' नावाचं पोर्टल आहे, १५५२५५ हा फोन आहे, तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे जाते आणि तिच्यावर नजर राहते. पण निवाडा ते करत नाहीत. निवाडा करणारा दरवाजा वेगळा. तो आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

जे. पी. नगर पहिला फेज, चोविसावा मेन रोड, 'जीवन सौध' नावाची इमारत. तळमजल्यावर विमा लोकपालांचं कार्यालय. सकाळी फिरायला जाणारे आमच्याकडचे कितीतरी लोक त्या पाटीवरून रोज जातात आणि समजतात, एलआयसीचं काहीतरी ऑफिस असेल. सगळ्या कर्नाटकासाठी हे एकच कार्यालय आहे. म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, कारवार, इथल्या मराठी माणसाची तक्रारही इथेच येते. गोव्याची पुण्याला जाते. महाराष्ट्रासाठी मुंबई, ठाणे आणि पुणे. इंदूरवाल्यांसाठी भोपाळ, बडोद्यासाठी अहमदाबाद, हैदराबादला हैदराबादेतच. तक्रारदार राहतो तिथलं कार्यालय चालतं, कंपनीचं मुख्यालय कुठे का असेना.

लोकपाल हा प्रकार आपल्याकडे १९९८ च्या नियमांपासून आहे, सध्याचे नियम २०१७ चे. फी नाही. वकील लागत नाही. लागत नाही असं नव्हे, चालतच नाही. एजंट नाही, सल्लागार नाही, 'क्लेम मिळवून देतो, वीस टक्के द्या' म्हणणारा तर अजिबात नाही. विमेदार स्वतः, किंवा तो हयात नसेल तर वारस वा नॉमिनी. मर्यादा ५० लाखांची. २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत ती ३० लाख होती. अट एवढीच, की आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. तिचं उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर तिथून एक वर्षाच्या आत लोकपालांकडे यायचं. आणि तोच वाद त्याच वेळी ग्राहक आयोगात किंवा कोर्टात असता कामा नये.

बेळगावहून मला फोन येतात, "बंगळूरला किती फेऱ्या माराव्या लागतील?" एकही नाही. तक्रार पोस्टाने चालते, ईमेलने चालते, ऑनलाइन चालते. नंतर ते एक संमतीचा फॉर्म पाठवतात, तो भरून सही करून परत पाठवायचा. त्यात बरेच जण आळस करतात, आणि तक्रार तिथेच पडून राहते. कंपनीला तिचं म्हणणं लेखी द्यावं लागतं, त्याची प्रत मागून घ्या आणि सुनावणीआधी दोनदा वाचा. सुनावणी बहुधा व्हिडिओवर होते.

मास्तरांची तशीच झाली, त्यांच्या मुलीच्या लॅपटॉपवर. मला बोलायची परवानगी नव्हती. मी टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा तोंड मिटून बसलो होतो. सेवेत असताना एवढा वेळ गप्प बसल्याचं आठवत नाही. सगळं मिळून वीसेक मिनिटं चाललं. लोकपालांनी कंपनीच्या अधिकाऱ्याला दोनच प्रश्न विचारले. डिस्चार्ज कार्डावरच्या या ओळीखेरीज दहा वर्षांचा दुसरा पुरावा आहे का? आणि पॉलिसीला सहा वर्षं झाली आहेत, तर फसवणूक कुठे सिद्ध केली आहे? तो अधिकारी तरुण होता, भला होता, पहिल्या प्रश्नाला त्याने तीच ओळ पुन्हा वाचून दाखवली. मग लोकपाल मास्तरांकडे वळले, आपल्याला काही सांगायचंय का? मास्तरांनी निपाणीच्या फाइलचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि तारीख वाचली. बाकी काही बोलले नाहीत.

निवाडा त्यांच्या बाजूने लागला. सगळे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा व्हावा असा नियम आहे. तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. नाही पाळला तर नियामकाच्या २०२४ च्या नियमाने दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. मास्तरांचे पैसे मुदतीत आले. बिलातल्या हातमोजे वगैरे न मिळणाऱ्या वस्तू वजा होऊन. पहिलं पत्र ते निवाडा, सात महिने. निवाड्याची एक प्रत त्यांनी लॅमिनेट करून घेतली आहे. पैसे बँकेत आहेत, प्रत भिंतीवर आहे.

आता दुसरी बाजू. सगळ्याच पिशव्यांत मास्तर नसतात. एक गृहस्थ आले, वय पंचावन्न, आधी एक स्टेंट बसलेला, त्यानंतर पॉलिसी घेतली, अर्जात हृदयविकारापुढे 'नाही' लिहिलं आणि दीड वर्षात बायपासचा क्लेम केला. म्हणाले, एजंट म्हणाला, लिहू नका, हप्ता वाढेल. मी त्यांना सांगितलं, यात लढण्यासारखं काही नाही. विम्याचा करार हा पूर्ण विश्वासाचा करार असतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं ही आपली बाजू. किडनीचा जुना आजार न सांगितल्याच्या एका प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नकार उचलून धरला आहे. सही तुमची असते, एजंटची नव्हे. तेव्हा कोरा फॉर्म सही करून द्यायचा नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

पण 'काही सांगायचं राहिलं' म्हणजे सगळंच बुडालं असंही नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयात मराठी आडनावाच्या एका कुटुंबाचा एलआयसीविरुद्धचा खटला आला होता. विमेदाराने मणक्याचं दुखणं आणि सायटिका असल्याचं सांगितलं नव्हतं. मृत्यू झाला हृदयविकाराने. न्यायालयाने विचारलं, मणक्याचा आणि मृत्यूचा संबंध काय? न सांगितलेलं दुखणं जिवावर बेतणारं नव्हतं, त्याने मृत्यूही झाला नाही, तेव्हा दावा नाकारता येणार नाही. आणि एप्रिल २०२४ च्या आणखी एका निकालात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं, की माहिती दडवली असं म्हणणाऱ्या कंपनीनेच ते पुराव्याने सिद्ध करायचं. नुसता आरोप पुरेसा नाही. मी या निकालांचे कागद फोल्डर करून ठेवलेत, कारण तक्रारीत अशी एक ओळ आली, की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

लोकपालांचा दरवाजा नको असेल, किंवा तिथे निराशा झाली, तर ग्राहक आयोग आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीला बांधतो, तुम्हाला नाही. तुम्ही पुढे जाऊ शकता. पण लक्षात ठेवा, आयोगात यायला दोन वर्षांची मुदत असते आणि लोकपालांकडे वाट बघताना ते घड्याळ थांबलंय असं धरून चालू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी विमेदाराच्या फार कामाच्या आहेत. पहिली, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पूर्वी कंपनीच्या शाखेच्या गावी जावं लागे. दुसरी, आयोग कुठला हे क्लेमच्या रकमेवर ठरत नाही, तुम्ही भरलेल्या पैशावर, म्हणजे हप्त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. एक कोटीचा टर्म इन्शुरन्स असला, तरी हप्ता काही हजारांचा. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरगुती प्रकरण जिल्ह्यातच, आणि फुकट. वकील घेतलाच पाहिजे असं नाही. लोकपाल फक्त झालेलं नुकसान भरून देऊ शकतात. आयोग मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही देऊ शकतो. कंपनी राज्य आयोगात अपिलात गेली, तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. वेळ मात्र लागतो. कायद्यात तीन महिने लिहिलेत, ते कायद्यातच आहेत. म्हणून माझा सरळ कौल असा, की प्रश्न फक्त पैशाचा असेल आणि ५० लाखांच्या आत असेल तर आधी लोकपाल.

जाता जाता सांगतो, ग्राहकाला हक्क असतात ही गोष्ट या देशात रुजवण्यात मराठी माणसांचा हात मोठा आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ मध्ये, पहिला कायदा झाला. आणि आपलेच लोक पत्र कपाटात ठेवतात.

पूर्ण नकारापेक्षा फसवा प्रकार म्हणजे कापाकापी. पाच लाखांच्या बिलाचे तीन लाख येतात आणि माणूस म्हणतो, आले ते आले. कपातीचा तक्ता मागा. खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली, म्हणून डॉक्टरांची फी वगैरे त्या प्रमाणात कापता येते. पण औषधं, स्टेंटसारख्या वस्तू आणि तपासण्या यांच्यावर ती प्रमाणशीर कात्री चालत नाही. आणि 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या पावतीवर सही करायला सांगितलं, तर सहीखाली लिहा, 'हरकत राखून स्वीकारले'. दबावाखाली घेतलेली सही पुढचा रस्ता बंद करत नाही, असं न्यायालयांनी म्हटलंय, पण दबाव सिद्ध करत बसण्यापेक्षा तीन शब्द सोपे.

शेवटी एक प्रश्न, जो न्यू जर्सीपासून सिंगापूरपर्यंतच्या मुलांकडून सारखा येतो. आईवडील साताऱ्याला, क्लेम नाकारला, मी इथून तक्रार करू का? त्याआधी प्रवास विम्याचं एक प्रकरण सांगतो, कारण हेच आईवडील तुमच्याकडे यायला निघतात. एक गृहस्थ भारतातून पॉलिसी घेऊन अमेरिकेला निघाले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तीन स्टेंट. कंपनी म्हणाली, कोलेस्टेरॉलची गोळी घेत होतात ते सांगितलं नाहीत. त्यांनी मधुमेह असल्याचं अर्जात लिहिलेलं होतं, वैद्यकीय तपासणीही झाली होती. ६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो विमेदाराच्या बाजूने: जे तुम्हाला माहीत होतं, जे पाहून तुम्ही पॉलिसी दिलीत, त्यावरून आता नकार देता येणार नाही. तेव्हा प्रवास विम्याचा अर्ज भरताना वडिलांची गोळ्यांची पट्टी समोर ठेवा आणि सगळ्या गोळ्या लिहा.

आणि प्रश्नाचं उत्तर. लोकपालांकडची तक्रार तुमच्या नावाने चालणार नाही. कागद तुम्ही तिथून जमवा, स्कॅन करा, मसुदा तुम्ही लिहा, व्हिडिओची लिंक लावून द्या. सही मात्र वडिलांची, आणि सुनावणीत कॅमेऱ्यासमोर तेच बसतील. आधी एकदा त्यांच्याकडून तारखा मोठ्याने वाचून घ्या.